पत्रिकेवरचा सोनेरी हत्ती

संस्थानं होती तेव्हाची गोष्ट. राज्यारोहणाच्या पत्रिका छापून आल्या. वर राजचिन्ह होतं, ढाल धरून उभा असलेला सोनेरी हत्ती. माहूत इमामने एक पत्रिका हत्तीखान्यात नेऊन मोती हत्तीला कौतुकाने दाखवली. "बघ, केवढा मान दिलाय तुला."

मोतीने ती निरखून पाहिली. "याच्या पायात साखळी नाही," तो म्हणाला. "माझा पाय साखळीने सोलून चिघळलाय. या चित्रासाठी विलायतेहून सोनेरी शाई आणली, आणि माझ्या जखमेला चिमूटभर हळद मिळाली नाही."

मिरवणुकीच्या दिवशी महाराज अंबारीत बसले, पण मोती उठेना. इमाम काकुळतीला आला. "ऊठ बाबा, महाराज खोळंबलेत."

"त्यांना खाली उतरव," मोती म्हणाला, "आणि त्या पत्रिकेवर बसव."