कुसळांचा सदोबा

त्या राज्यात कुठल्याच दाराला कडी नव्हती. हवं तिथे शिरावं, हवं ते चाखावं, हवं ते घेऊन घरी यावं. कुणी छदाम मागत नसे. दारात एक साळुंकी बसलेली असे आणि ती पाहुण्याच्या केसांत एक कुसळ खोवी, एवढंच. गवताचं साधं कुसळ. लागताना कळत नाही आणि काढायला गेलं की आणखी आत सरकतं. प्रत्येक कुसळाला त्या त्या दाराचा वास असे. शिवाय ज्याच्या अंगावर ते बसे तो पुढे कुठे रेंगाळला, त्याने काय हुंगलं, कशाकडे बघून उसासा टाकला, हे सगळं ते आपल्यात मुरवून घेई. चार दारं फिरून आलेलं जनावर साळुंकीने एकदा हुंगलं, की त्याच्या पोटातलं आणि मनातलं दोन्ही तिला कळे. पाखराला एवढं तिखट नाक कुठून आलं, असं विचारू नये. जिथे सगळं फुकट मिळतं, तिथे नको त्यांना नाकं फुटतात.

मात्र विचारल्याशिवाय कुसळ लावायचं नाही असा कायदा होता आणि साळुंक्या कायद्याच्या पक्क्या. "तुमचा फेरफटका सुखाचा व्हावा म्हणून हं. चालेल ना?" असं त्या प्रत्येकाला गोड आवाजात विचारत. पाहुण्याने मान हलवली की झालं.

ज्याला नको असेल त्याचीही सोय होती. दाराच्या मागच्या अंगाला करवंदीच्या जाळीतून ओणवं होऊन गेलं की एक कासव भेटे. ते एकेक कुसळ समोर मांडून त्याची कुळकथा सांगे आणि प्रत्येकाला वेगळं 'नको' म्हणवून घेई. एकदा एक हट्टी मुंगूस सगळ्या कुसळांना नको म्हणून, अंगभर ओरखडे घेऊन धापा टाकत उठलं, तर कासव म्हणालं, "तुम्ही नको म्हणालात हे आमच्या लक्षात राहायला हवं ना? त्यासाठी हे एक लावून घ्या." मुंगसाने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून तेही मुकाट्याने मान हलवू लागलं.

सदोबा ससा त्या जाळीकडे कधी फिरकलाच नाही. आळस होताच; पण खरी गोष्ट अशी, की कुणाला तोंडावर नको म्हणणं त्याला असभ्य वाटे. आपण चांगल्या घरातले, याचा त्याला फार अभिमान. साळुंकीचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्याची मान हललेली असे. पुढे पुढे तर तिने चोच उघडली तरी हले. त्याच्या अंगावर केस जास्त की कुसळं, हे सांगणं अवघड होतं. पण दारोदारी "या सदोबा, तुमचीच वाट बघत होते" असं स्वागत होई, आणि तेवढ्यावर स्वारी खूश असे.

त्याची धाकटी बहीण गोजरी ओढ्याकाठी घाणेरीच्या झुडपाखाली बीळ करून राहत होती. तिची आधीची पिलं डोळे उघडायच्या आत कोल्ह्याने नेली होती. या खेपेला ती व्याली तेव्हा तिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. फक्त भावाला बोलावलं.

"दादा, तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. कुठे बोलू नकोस हं."

"मी? जीभ हासडून देईन, पण बोलणार नाही."

आणि सदोबाने शब्द पाळला, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. त्याच्या जिभेला कुणी बोल लावू शकणार नाही.

तो बहिणीसाठी बाजाराला निघाला. एका दारातून त्याने अळीव घेतले, दुसऱ्या दारातून डिंक, तिसऱ्यातून पिलांखाली घालायला सावरीचा कापूस. प्रत्येक दारात विचारणा झाली, प्रत्येक दारात मान हलली. चौथं दार त्याच्या वाटेतलं नव्हतंच, पण तिथल्या साळुंकीने आपण होऊन हाक मारली.

"बाळंतीण बरी आहे ना, सदोबा? पहिलटकरीण नव्हे, म्हणजे दूध लवकर उतरेल."

सदोबाचे कान ताठ झाले. "अहो, मी कुठे काय बोललो?"

"तुम्ही कशाला बोलाल? तुम्ही किती गुणाचे! पायाला ओढ्याचा गाळ आहे, पाठीला घाणेरीचा वास आहे, आणि कापूस बघा कसा मोजका घेतलात. पिलं तीनच ना? त्यांच्यासाठी टोपडी दाखवू? चालेल ना?"

तेव्हा खरं म्हणजे त्याने धूम ठोकायला हवी होती. त्याने मान हलवली. सवयीनं हलली, असं तो पुढे स्वतःला सांगत राहिला.

बाजाराच्या टोकाला कोल्हा बसलेला असे. तो पाला घेत नसे, की कंद घेत नसे; तो फक्त वास विकत घेई. यातही काही चोरीमारी नव्हती. "आमच्या सोबत्यांनाही थोडा वास दिला तर चालेल ना?" असं साळुंक्यांनी सदोबाला कधीच विचारून ठेवलं होतं. सोबती कोण, हे ऐकायला तो थांबला नव्हता.

तो ओढ्याकाठी परतला तेव्हा घाणेरीभोवती जत्रा भरली होती. साळिंदर पाळणा घेऊन आलं होतं. कावळा टोपडी घेऊन आला होता. बारशाला वाजवायचं कुणी, यावरून बेडूक आणि रातकिडे हमरीतुमरीवर आले होते. "आधी आम्हाला वास आला!" "आमची जुनी ओळख आहे, सदोबाला विचारा!" सगळ्यांच्या मागे, अंग चाटून स्वच्छ केलेला कोल्हा पानात खाऊ घेऊन उभा होता. त्याला घाई नव्हती. गर्दी पांगायची तो वाट बघत होता.

सदोबा पोटाशी धरलेली गाठोडी टाकून बिळाच्या मागच्या तोंडाकडे धावला. गोजरी शेवटचं पिल्लू तोंडात धरून बाहेर पडत होती. त्याला पाहून तिने पिल्लू खाली ठेवलं.

"कुणाला सांगितलंस, दादा?"

"तुझी शपथ, एक अक्षर नाही."

तिने पुढे होऊन त्याच्या खांद्यातलं एक कुसळ दातांनी उपटलं आणि हुंगलं. कुसळाला तिच्याच दुधाचा वास येत होता. ती पिल्लाकडे वळली.

"कुठे निघालीस?" सदोबाने विचारलं. "मी येतो. हे पिल्लू मी उचलतो."

"नको."

"अगं, पण..."

"तू नको, दादा."

जो शब्द त्याला जन्मात जमला नव्हता, तो तिने दोनदा सहज उच्चारला आणि पिल्लू उचलून ती गवतात दिसेनाशी झाली. ती कुठल्या बाजूला वळली हे बघायचीही सदोबाला लाज वाटली. त्याने डोळे मिटून घेतले.

मग तो एका उघड्या खडकावर जाऊन बसला आणि अंगावरची कुसळं उपटू लागला. कुसळाबरोबर केस येत, केसांबरोबर कातडी सोलवटे. कानांवरची उपटली, मानेवरची उपटली, पोटावरची उपटताना तो रडला. उन्हं कलली तेव्हा त्याच्या अंगावर ना कुसळ राहिलं ना केस. गुलाबी, थरथरणारं काहीतरी खडकावर उरलं होतं.

शेजारी ढीग झाला होता. पण ती कुसळं वर्षानुवर्षं एकमेकांच्या शेजारी राहिलेली. आपापल्या जागा त्यांना पाठ होत्या. कानांवरची कानांपाशी गेली, पाठीवरची पाठीपाशी, आणि बघता बघता ढीग दोन पायांवर उठून बसला. दुसरा सदोबाच. पहिल्यापेक्षा भरदार, अंगापिंडाने जरा उजवाच.

साळुंक्यांचा थवा खाली उतरला. "या सदोबा, तुमचीच वाट बघत होतो," त्या ढिगाला म्हणाल्या. एकीने खडकावरच्या सशाकडे मान वळवली. "आपण कोण? या बाजूला नवीन?"

"मी सदोबा."

साळुंक्या एकमेकींकडे बघून हसल्या. "सदोबाला आम्ही ओळखतो हो. तुम्हाला तर कसलाच वास नाही."

तेवढ्यात टेकडीपलीकडून धप् धप् असा आवाज आला. सदोबाच्या कुळात एक रीत होती. घरचं कुणी सुखरूप पोचलं, की मागचा पाय जमिनीवर आपटून कळवायचं, म्हणजे मागे राहिलेल्यांच्या जिवाला घोर नको. भांडून गेलेलंही पोचल्यावर पाय आपटायला चुकत नसे. गोजरी पोचली होती. इतकं होऊनही तिने त्याला कळवलं होतं. सदोबाचा मागचा पाय उत्तरासाठी उचलला गेला. त्याने तो अलगद खाली ठेवला.

पण आवाज साळुंक्यांनीही ऐकला होता. झुडपाआडून कोल्हा पुढे आला.

"हा ठोका कुणाचा?"

साळुंकीने कायद्याप्रमाणे ढिगाकडे तोंड केलं. "सदोबा, तुमच्या घरचाच दिसतो हा. कुठून आला ते यांना सांगितलं तर चालेल ना?"

"नको!" खडकावरचा ससा ओरडला. आयुष्यात पहिल्यांदाच. "नको! नको! नको!"

"आपल्याला नाही विचारलं," साळुंकी अदबीने म्हणाली आणि उत्तराची वाट बघत राहिली.

टेकडीवरून वाऱ्याची एक झुळूक खाली उतरली, आणि कुसळांच्या सदोबाने मान हलवली.