वाळूतली कवटी

आफ्रिकेतल्या एका माळरानावर हत्तिणींचा एक कळप नांदत होता. मुलांनो, हत्तींच्या घरात कारभार सगळ्यांत म्हाताऱ्या हत्तिणीचा. ती निघाली की निघायचे, ती थांबली की थांबायचे. कळपातल्या एका तरुण हत्तिणीला मात्र हे सावकाश चालणे मुळीच सोसत नसे. त्या वर्षी पावसाने दगा दिला, नद्या आटल्या आणि तिचे लहानगे पिल्लू तहानेने चालता चालता गुडघे टेकू लागले.

पाण्याच्या शोधात निघाल्यावर पाचव्या दिवशी म्हातारी एका कोरड्या नदीपात्रात थांबली. तिथे वाळूत हत्तीची एक जुनी कवटी पडली होती. म्हातारी तिच्यावरून हळूहळू सोंड फिरवू लागली, आणि बाकीच्या मुकाट्याने भोवती उभ्या राहिल्या. हत्तींची तशी रीतच आहे. तरुण हत्तिणीचे डोके फिरले. "मावशी, मेलेल्यांसाठी वेळ आहे, आणि माझं पोर मरायला टेकलंय त्याचं काय?" असे म्हणून तिने कवटीला सणसणीत लाथ मारली. कवटी गडगडत पार काठाशी गेली. कळप दचकून मागे सरला आणि सगळी वाळू तुडवली गेली.

म्हातारी जागच्या जागी थिजली. "कुठे होती ती? मला आता नीट दिसत नाही गं."

"पण कवटी कशाला हवी?" तरुण हत्तिणीने विचारले.

"माझ्या आईची आहे ती. मी लहान असताना असाच दुष्काळ पडला होता, तेव्हा तिनं इथे खणून आम्हा पोरांना पाणी पाजलं आणि तिथेच कोसळली. कवटीखाली खणायचं, एवढीच खूण मला ठाऊक."

 तरुण हत्तिणीने वाळूकडे पाहिले. सगळीकडे सारखीच वाळू होती. आपल्या पोराचे पाणी आपणच लाथाडले, हे तिला कळून चुकले. ती वेड्यासारखी खणत सुटली. पहिला खड्डा कोरडा निघाला, दुसरा कोरडा, तिसराही कोरडाच. पिल्लू आडवे झाले ते उठेना. चौथ्या खड्ड्यात सोंडेला ओल लागली.

पिल्लू प्याले आणि बऱ्याच वेळाने उभे राहिले.  तरुण हत्तीण मात्र स्वतः पाण्याला तोंड न लावता काठापर्यंत गेली, कवटी ढकलत ढकलत परत आणली आणि खड्ड्याच्या कडेला नीट ठेवली. मग त्या कवटीवर सोंड ठेवून ती कितीतरी वेळ उभी राहिली.

तात्पर्य : वडीलधारी जिथे थांबतात तिथे आधी कारण विचारावे, न विचारता लाथाडलेली गोष्ट आपल्याच जिवाचा आधार असू शकते.