लांडग्याशी टक्कर

जनावरं आपसात बोलत त्या काळी एका धनगराच्या कळपात शिंगाड्या नावाचा एडका होता. टकरीत त्याला कुणी हरवलं नव्हतं. टकरीची रीत अशी की दोघांनी मागे सरायचं, दोघं तयार झाले की धावत येऊन डोकी भिडवायची.

ओझी वाहणारी म्हातारी गाढवी गोदी टकरी बघायलाही येत नसे. शिंगाड्याला याचं मोठं कुतूहल.

"आजे, तुला लढता येतं का गं?"

"न लढता घरी यायला येतं."

"मग लाथ कशाला बाळगतेस?"

"कुणी घरी येऊच दिलं नाही तर!"

एका दुपारी कळप ओढ्याकाठी चरत होता, गोदीही तिथेच होती, तेव्हा लांडगा आला. एक कोकरू घाबरून शिंगाड्याच्या पोटाखाली शिरलं. लांडगा समोर दिसताच शिंगाड्या सवयीनं धाव घ्यायला मागे सरला आणि कोकरू उघडं पडलं. लांडग्यानं झेप घेऊन कोकराचा पाय धरला.

"अरे थांब! मी अजून तयार नाही!" शिंगाड्या ओरडला.

तेवढ्यात गोदीची लाथ बसली आणि लांडगा कोलमडला. तो उठताना शिंगाड्याचा पाय पुन्हा मागे गेला, पण तिथेच थबकला. शिंगाड्या पुढे आला आणि कोकराला पोटाखाली घेऊन शिंगं रोखून उभा राहिला. लांडगा दोन्ही बाजूंनी फिरला, मग लंगडत निघाला.

"आजे, आता लंगडतोय. गाठून लोळवू का?"

"लोळव की. कोकरू कुणापाशी ठेवतोस?"

शिंगाड्यानं खाली पाहिलं. त्याच्या पायाला टेकून कोकरू थरथरत होतं. तो जागचा हलला नाही.