कोणी कोणाला नाव ठेवू नये

एका राज्यात एक राजा होता. त्याचे नाव रणशेखर. रण त्याने कधी पाहिले नव्हते. पण नाव मोठे असले की माणूस त्याच्याच सावलीत बसून राहतो, तसा तो बसला होता. त्याची थोरली बहीण हंसगती. बिचारीची हंसाची चाल कधीच गेली होती, आता चालताना गुडघे कुरकुरत. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातली गत.

प्रजा राजाला नावे ठेवी. कर घेतला तरी ठेवी, माफ केला तरी ठेवी. राजाला ते सोसेना. त्याने अन्नावर रुसून काळडोंगरावरच्या मांत्रिकाला बोलावले आणि म्हटले, "माझ्या राज्यात कोणी दुसऱ्याला नाव ठेवू नये, असा वर दे."

मांत्रिकाने विचारले, "नक्की असाच?"

"अक्षरन् अक्षर असाच."

मांत्रिकाने चिमूटभर भस्म फुंकले आणि तो निघून गेला.

त्या दिवसापासून राज्यातली निंदा बंद झाली, आणि बारशीही बंद झाली. पाळणे सजत, घुगऱ्या शिजत, आत्या बाळाच्या कानाशी वाके, आणि नाव ठेवायला तोंड उघडताच तिची जीभ लाकडाची होई. जुन्यांची नावे राहिली, नव्यांना मिळेनात. नाव नाही म्हणून हाक नाही. अशी मुले रांगत तोवर घरात असत. पायांवर उभी राहिली की सरळ रानाची वाट धरत आणि मागे वळून पाहत नसत. आया "बाळा, बाळा" करत धावत, पण बाळ तर सगळेच. धरून आणावे, तर हात सुटताच मूल पुन्हा निघे. रानात शिरलेले एकही परतले नाही.

अशात राजाला उशिरा, नवसासायासाने मुलगी झाली. राणी तिला कडेवरून खाली उतरवीना. तरी एके दिवशी पोर भिंतीला धरून उभी राहिली, आणि वाड्यात कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही.

आत्या हंसगतीने काठी घेतली आणि ती काळडोंगराकडे निघाली. दुसरे कोण जाणार? राजा रुसला होता आणि प्रधान त्याची समजूत घालत होते.

मांत्रिक म्हणाला, "मागितले ते दिले. शब्द त्याचे, मंत्र माझा."

"मग मंत्र सोडवा, महाराज. माझी भाची आज ना उद्या चालू लागेल."

"नावे तीन ठिकाणांहून येतात, बाई. माती देते, हात देतो, जीभ देते. तिन्ही मिळव. पहिली दोन जुनी चालतील, तिसरे ताजे हवे." त्याने तिच्या मनगटात तीन गाठींचा गंडा बांधला. "नाव खरे असले की गाठ आपण सुटेल."

"मी फार दमले आहे," हंसगती म्हणाली.

"मीही," मांत्रिक म्हणाला आणि त्याने दार लावून घेतले.

ती एका तळ्याशी आली. काठावर एक म्हातारा पाण्याला कान लावून बसला होता. त्याचे गाव तळ्याने गिळले होते. बुडालेल्या घरांतली जाती अजून फिरत होती आणि त्यांची घरघर वर ऐकू येत होती. हंसगतीने नाव विचारले.

"कोरडवाडकर."

तिला हसूही आले आणि रडूही. "गाव तर पाण्यात गेले, बाबा."

"मला कोणी कोरडवाडकर म्हणून हाक मारते, तोवर कुठे गेले?"

गंड्याची पहिली गाठ सुटली. म्हाताऱ्याने तिला मूठभर फुटाणे दिले, ते खात ती पुढे चालली.

पुढे एक गुहा लागली. गुहेत शापित खजिना होता. त्यातल्या मोहरेला हात लावणारा मोहर होऊन त्यातच पडे. खजिन्यापाशी एक माणूस दिवटी धरून उभा होता. कोण्या जुन्या राजाने त्याला उभे केले आणि जा म्हणायचे राहून गेले, म्हणून तो मेल्यावरही उभाच होता.

"बाई, घटकाभर दिवटी धराल? बसावेसे वाटते."

हंसगतीने दिवटी धरली. हात भरून आला, खांदा ठणकू लागला. सोन्याकडे पाहायचेही त्राण तिला उरले नव्हते. तो पोटभर बसला, मग उठून त्याने दिवटी मागितली.

"आता तुम्हीही जा की," ती म्हणाली.

"जाऊन काय करू? आम्ही दिवटे. दिवटी सोडली तर मला ओळखणार कोण?"

दुसरी गाठ सुटली. हंसगतीला त्याची फार कीव आली, आणि थोडी स्वतःचीही.

तिसरे नाव काही मिळेना. जिभेने दिलेले नाव म्हणजे लोकांनी खोडी काढून चिकटवलेले. वाकडे, बोबडे, टकले सगळे असेच झाले. पण ताजे आणावे कुठून? वाटेत एक जाडजूड बैल दिसला, त्याला काही म्हणावे तर तिचीच जीभ लाकूड झाली. ती माळावर मटकन बसली. तिथे एक टिटवी ओरडत होती, टिटिव, टिटिव.

हंसगतीने विचारले, "तुला हे नाव कोणी ठेवले?"

टिटवी म्हणाली, "मीच. दुसऱ्याच्या भरवशावर कोण बसतो?"

हंसगती बघतच राहिली. वरात 'दुसऱ्याला' असे होते. स्वतःला नाव ठेवायची बंदी कुठे होती?

"मग मीच मला एक ठेवते."

"तुझ्याने गाठ सुटायची नाही. वर ज्याने मागितला, त्याचीच जीभ हवी," टिटवी म्हणाली आणि उडाली.

हंसगती नगरात पोचली तेव्हा पोर चालू लागली होती. राणी पुनःपुन्हा धरी, ती मासोळीसारखी निसटे. वेस मागे पडली, रान समोर आले. राजा आणि सारी प्रजा मागून धावत होती.

"रणशेखरा," हंसगती म्हणाली, "स्वतःला नाव ठेव. इथेच, सगळ्यांदेखत."

"राजा स्वतःला नाव ठेवत नसतो, अक्का."

"मग ती चालली बघ."

राजाने पोरीच्या इवल्या पाठीकडे पाहिले. त्याचा चेहरा पडला. तो हळू आवाजात म्हणाला, "मी रुसका आहे. अन्नावर रुसतो, प्रजेवर रुसतो. गाल फुगवून बसण्यापलीकडे मी काही केले नाही. मी गालफुगे."

तिसरी गाठ सुटली. गंडा गळून मातीत पडला. गर्दीत कोणी फिसकन हसले, मग साऱ्या प्रजेने ते नाव उचलले. राजघराण्याला आडनाव नव्हते, ते त्या दिवशी लागले.

आता बारशाचे नाव. ते कानात सांगायचे, पण कान पार रानाच्या तोंडाशी गेला होता. त्रिभुवनसुंदरी म्हणण्याइतका दम हंसगतीत उरला नव्हता. अंगाला जे हवे होते तेच तिच्या तोंडी आले.

"विसावा," ती म्हणाली. "ए विसावा, मागे ये."

पोर थांबली. वळली. आपल्यालाच हाक आहे हे तिला कळले, आणि ती दुडुदुडु आत्याकडे आली.

मग आयांनी रानाकडे तोंडे करून आपापल्या लेकरांसाठी मनात ठरवलेली नावे हाकारली. केसांत पाने अडकलेली मुले एकामागून एक बाहेर येऊ लागली. राणी रडली, राजा रडला. बायकांनी रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घातले आणि तिने ते सुखाने खाल्ले.

तेवढ्यात मागे कुजबुज झालीच, "राजकन्येचे नाव विसावा? हे काय नाव झाले?"

राजाचे गाल फुगू लागले. मग विसावाला कुशीत घेऊन वाटेतच झोपी गेलेल्या बहिणीकडे त्याने पाहिले, आणि गालांतली हवा हळूच सोडून दिली.

ही कहाणी ज्याला आवडली, त्याने आपल्या घरी न्यावी. ज्याला नाही आवडली, त्याने खुशाल नावे ठेवावीत.