धुरपाच्या तोंडचं पाणी

सावरदऱ्याच्या नदीवर पूल नव्हता, बिबट्याचं नाव कुणी घेत नव्हतं, त्याला मामा म्हणत होते, आणि मुलं घरातच जन्मत होती, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षांपूर्वीची. नेमकी किती, ते विचारू नये. गावातली प्रत्येक म्हातारी आपापल्या आजीपासून मोजते आणि आकडा जमत नाही.

त्या गावात धुरपा नावाची सुईण होती. तिच्या हातांसारखे हात पुन्हा झाले नाहीत, असं म्हणतात. तिच्या तोंडासारखं तोंडही झालं नाही.

हातांचं आधी सांगायला हवं, कारण गावाने आधी तोंडाचं सांगितलं आणि तिथंच सगळं चुकलं. आडवं आलेलं मूल ती पोटावरून नुसता तळवा फिरवून सरळ करायची. गाय अडली तरी तिलाच बोलावणं यायचं. पहिलटकरणीच्या कमरेला तिचा हात लागला की कळ अर्धी व्हायची, आणि उरलेली अर्धी धुरपाच्या कमरेत जायची, असं म्हणतात.

आणि तोंड? लहानपणी तिचे डोळे उगाच फडफडायचे. मग मान हिसके घ्यायला लागली. मग जिभेचा टच्‌ टच्‌ आवाज, पाल चुकचुकावी तसा. आणि बाराव्या वर्षी शब्द यायला लागले. साधे शब्द नव्हेत. पाणवठ्यावर भांडताना बायकासुद्धा आजूबाजूला बघून जे उच्चारतात, ते. यायचे तेही नको तिथंच. देवळात गेली की देवाला. वडीलधाऱ्यांच्या पाया पडली की त्यांना. बापाने अंगारे लावले, मिरच्यांची धुरी दिली, देवऋष्याने वेताच्या छडीने पाठ फोडली. भूत असतं तर पळून गेलं असतं. भूत नव्हतंच, त्यामुळे पाठ फुटली आणि शब्द राहिले.

"शिंकंसारखं येतंय गं," ती आईला सांगायची. "म्या न्हाई बोलत. दाबलं तर आणखी मोठं हून येतंय."

आई रडायची. दुसरं काय करणार?

सावरदऱ्याच्या कुशाबा न्हाव्याशी तिचं लग्न ठरलं. मुलगी अबोल आहे, असं माहेरच्यांनी सांगितलं होतं, आणि ते काही अगदी खोटं नव्हतं. भीतीने ती खरंच बोलायची नाही. अंतरपाट धरला. भटजींनी 'सावधान' म्हटलं, क्षणभर सगळं गप्प झालं, आणि त्या शांततेत नवरीकडून एक शिवी आली. स्वच्छ, ठसठशीत. भटजी पुढचं कडवं विसरले. वऱ्हाडाच्या मुठीत अक्षता तशाच राहिल्या. अंतरपाटाआड उभी असलेली धुरपा धरणी फाटायची वाट बघत होती. तेवढ्यात पलीकडून नवरदेवाचा आवाज आला, हळूच, तिच्यापुरता.

"झालं? आता पुढं बोल."

लग्न लागलं.

पुढे त्यांच्या घरात हेच चालू राहिलं. कुशाबा ओट्यावर कुणाची दाढी करत असताना आतून शिवी आली, तर त्याचा वस्तरा हलायचा नाही; गिऱ्हाईकच हलायचं. सगळ्यांत जास्त 'मढं' हा शब्द यायचा. जेवायला वाढताना धुरपा म्हणायची, मढं. तो भाकरी मोडत म्हणायचा, "झालं? आता पुढं बोल." आणि ती पुढं बोलायची. कोरड्यासात मीठ पडलंय जास्त. शेळी गाभण दिसतीय. मला माहेरचा पिंपळ आठवतोय. त्या शब्दाच्या पलीकडे एक बाई बसलेली होती आणि तिची वाट बघायला एक माणूस थांबत होता. एवढंच सुख. पण बऱ्याच जणींना तेवढंही मिळत नाही.

सुईणपण तिला सासूने दिलं. सासू तान्हाई जाताना गावाला सांगून गेली, "हिचं तोंड हिचं ऐकत न्हाई. पण हात बघा."

गावाने हात बघितले, तोंड सोसलं. मग एका पावसाळ्यात कुशाबा तीन दिवसांच्या तापाने गेला.

अंगणात त्याला ठेवलेलं. बायका गळा काढून रडत होत्या. धुरपा उशाशी बसली होती, तिचे डोळे नदीसारखे वाहत होते, आणि तोंड म्हणत होतं, मढं, मढं, मढं. ती दोन्ही हातांनी तोंड दाबायची, तर बोटांच्या फटींतून शब्द बाहेर यायचा. त्या दिवशी तो शब्द पहिल्यांदाच खरा होता, आणि नेमका त्याच दिवशी गावाला सोसवला नाही. पाटलीणबाई पदर ओढून उठल्या. "नवऱ्याला मढं म्हणते," हे संध्याकाळच्या आत वाडीवाडीला कळलं. डोळ्यांचं कुणी सांगितलं नाही. आणि तिला 'झालं?' म्हणणारा तर खाली झोपलेला होता.

त्याच वर्षी एका घरी मूल पाचव्या दिवशी गेलं. जन्मलं तेव्हाच ते मुठीएवढं होतं, दूध ओढत नव्हतं, धुरपाने आईला तसं सांगितलंही होतं. पण त्याआधी तिच्या तोंडातून तो शब्द निघाला होता. लोकांच्या लक्षात तेवढाच राहिला.

पाटलीणबाई वाईट नव्हत्या. भ्यालेल्या होत्या. त्यांनी बायका जमवल्या आणि धुरपाला बोलावलं.

"हे बघ धुरपे, हातासाठी तू आम्हाला हवीस. पण बाळाच्या कानावर पहिला शब्द तुझा नको. इथून पुढं बाळंतिणीच्या खोलीत जाताना तोंडात पाणी धरायचं. नाळ कापलीस की बाहेर येऊन टाकायचं. मधेच सांडलंस तर पुन्हा कुणाचा उंबरा चढायचा नाही."

धुरपाने पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. बाई अडलीय आणि आपण घरात बसलोय, हे तिला कधीच जमणार नव्हतं. "बरं," ती म्हणाली. आणि मग जे म्हणाली ते बायकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तोंडात पाणी धरून घटकाभर बसून बघावं, म्हणजे कळतं. धुरपा पहाटेपासून दुपारपर्यंत बसायची. शब्द आतून दातांवर धडका द्यायचा, खांदे उडायचे, गाल थरथरायचे, पण पाण्याचा थेंब बाहेर यायचा नाही. बोलता येत नव्हतं म्हणून तिने खुणा बसवल्या. आठव्या महिन्यातच ती पोरीच्या घरी जायची आणि शिकवायची: गुडघ्यावर एक थाप मारली की जोर कर, दोन थापा मारल्या की थांब, अजिबात जोर करू नकोस. सावरदऱ्याची सत्तर मुलं अशी मुक्या सुईणीच्या हातून जन्मली, असं म्हणतात. त्यांतली कितीतरी नंतर फार बडबडी निघाली.

मग पाटलीणबाईंच्या घरात गजरा सून म्हणून आली. बारीक चणीची, घाबरट पोर. तिचे दिवस भरले. कळा सुरू झाल्या, धुरपा तोंडात पाणी घेऊन आत गेली, आणि पाटलीणबाई उंबऱ्यात बसल्या, सुनेकडे कमी आणि धुरपाच्या गालांकडे जास्त बघत.

दुपार झाली. डोकं दिसलं, आणि धुरपाच्या बोटांना नाळ लागली. मानेभोवती दोन वेढे. आता जोर थांबायला हवा होता. दोन श्वास, फक्त दोन, की तिने वेढे सोडवले असते. तिने गजराच्या गुडघ्यावर दोन थापा मारल्या. गजरा शुद्धीत नव्हती म्हणायला हरकत नाही. डोळे मिटून ती जोर करत होती. धुरपाने पुन्हा दोन थापा मारल्या. पुन्हा दोन. मग तिने उंबऱ्याकडे बघितलं.

ते बघण्यात एक क्षण गेला. तो क्षण धुरपाला पुढे आयुष्यभर पुरला.

तिने पाणी थुंकून टाकलं. तिला म्हणायचं होतं, थांब. पण इतक्या वर्षांचं दाबलेलं आधी बाहेर आलं. मढं! मढं! रांडे, मढं! आणि त्यामागून, "थांब पोरी, थांब, जोर न्हाई, थांब!" पण ते कुणाला ऐकू गेलं नाही. पाटलीणबाई किंचाळल्या. मदतीला बसलेल्या दोघी बायकांनी धुरपाला दंडाला धरून मागे ओढलं, आणि तिची बोटं नाळेवरून सुटली.

मूल जन्मलं. मुलगा होता. रडला नाही.

गावाने ठरवून टाकलं की धुरपाच्या तोंडाने मूल खाल्लं. बोटं कुणी सोडवली, ते कुणी विचारलं नाही. गजरा भिंतीकडे तोंड करून पडल्या पडल्या म्हणत राहिली, "ती मला थांब म्हणत हुती. म्या ऐकलं." पण ओल्या बाळंतिणीचं कोण ऐकतं? वारं लागलंय म्हणून तिच्या डोक्याला फडकं घट्ट बांधलं.

धुरपा नदीपलीकडे सावरीच्या झाडाखाली खोपटं बांधून राहिली. गावातून कुणी तिकडं आलं की ती तांब्यातलं पाणी तोंडात भरायची आणि गप्प बसायची. तिला कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. सवय लागली होती.

दोन वर्षं गेली. एक दिवस गजरा नदीवर धुणं धूत असताना तिला पलीकडून आवाज आला. धुरपा एकटी होती. शेण थापता थापता तिची मान उडायची आणि शिवी यायची. मग ती जरा थांबायची, आणि घोगऱ्या, पुरुषी आवाजात स्वतःच म्हणायची, "झालं? आता पुढं बोल." आणि मग पुढं काहीच बोलायची नाही. बोलायला समोर कुणी नव्हतं.

गजराने पिळलेलं लुगडं तसंच हातात धरून ते ऐकलं.

दुसऱ्यांदा तिचे दिवस भरले ते वैशाखात. पाटलीणबाईंनी शेजारच्या गावची गोड बोलणारी सुईण आणून ठेवली होती. ती सकाळसंध्याकाळ 'माझं सोनं, माझी लक्ष्मी' म्हणायची. कळा सुरू झाल्या तशी गजरा धुण्याची बादली घेऊन मागच्या दाराने निघाली. नदी घोट्याएवढी होती. तरीही पोट धरून चाललेल्या त्या बाईसाठी मधोमध पाणी बाजूला झालं आणि तिला कोरडी वाट मिळाली, असं म्हणतात.

तिला बघून धुरपाने तांब्या उचलला. गजराने तो तिच्या हातातून घेतला आणि जमिनीवर पालथा केला.

"आत्याबाई, पानी नगं. तुमचा आवाज हवाय मला."

मग त्या खोपटात भर दुपारी दोन बायकांचं ओरडणं चाललं. एकीच्या कळा, दुसरीच्या शिव्या. मधे मधे "जोर कर", मधे मधे "थांब, माझी बाय". नाळेचे वेढे याही खेपेला होते. धुरपा "थांब" म्हणाली, गजरा थांबली. दोन श्वास. वेढे सुटले. मुलगी बाहेर आली, जांभळासारखी निळी, आणि निपचित.

धुरपाने तिला उलटी धरली, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. काही नाही. आणि मग तिच्या तोंडातून तोच शब्द निघाला. मढं. मढं. ती बाळाला छातीशी धरून रडत होती आणि तोंड थांबत नव्हतं.

गजराने जमिनीवरून मान उचलली. घामाने केस कपाळाला चिकटलेले. ती शांतपणे म्हणाली,

"झालं? आता पुढं बोल."

ती धुरपाला म्हणाली होती. पण मुलीने ऐकलं, आणि ती रडली. असा टाहो फोडला की पलीकडच्या तीरावर गुरं माना वर करून उभी राहिली, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी गजरा मुलीला घेऊन नदी उतरून आली आणि चावडीपुढे उभी राहून तिने सगळं सांगितलं. दोन वेढ्यांचं, दोन थापांचं, दोन श्वासांचं. पाटलीणबाईंनी नात बघितली, मग त्या खाली बसल्या. नातीला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "चला. तिला घेऊन येऊ."

पुढे ताशेवाले, मागे बायका. चोळीखण घेतला, नारळ घेतला. धुरपा सावरीच्या बुंध्याला टेकून बसली होती. दोन्ही गाल फुगलेले. इतकी माणसं येताना तिने बघितली असणार आणि सवयीने तोंडात पाणी भरलं असणार.

पाटलीणबाई तिच्यापुढे उकिडव्या बसल्या. "धुरपे, टाक ते पाणी. टाक गं. मी सांगते ना."

धुरपाचे गाल तसेच फुगलेले राहिले. पाटलीणबाईंनी तिच्या गालाला हात लावला. गाल गार होता.

ताशा थांबला. बायकांनी तिला आडवं केलं तसं तिच्या तोंडातलं पाणी ओघळलं, बुंध्याशी जिरलं, आणि थांबेना. तिला तिथून उचलून नेलं तरी ते झाडाच्या मुळातून येतच राहिलं. सावरीखालचा तो झरा भर उन्हाळ्यात आटत नाही. कान लावला तर त्यात कुणीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू येतं. काय, ते लहान मुलांना सांगत नाहीत.

आजही सावरदऱ्यात बाळंतीण अडो न अडो, त्या झऱ्याचा तांब्या आणून उंबऱ्यात ओततात. मूल जन्मलं की घरातली थोरली बाई त्याच्या कानाशी वाकते आणि पहिला शब्द म्हणते, मढं. सगळ्यांत वाईट जे बोलायचं ते बोलून होतं. मूल रडतं. मग ती म्हणते, "झालं? आता पुढं बोल." आता बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात, पण सासवा प्लास्टिकच्या बाटलीतून ते पाणी नेतात आणि नर्सबाई ओरडतात की फरशी कुणी ओली केली. गावात कुणाची मान उडते, कुणाच्या तोंडून भलतंच निघतं, तेव्हा माणसं हातातलं काम ठेवून थांबतात, शिंकणाऱ्यासाठी थांबावं तशी, आणि तेच विचारतात.

पाटलांच्या घरात मात्र उंबऱ्यात दोन तांबे ओततात. पहिला आलेल्या बाळासाठी. दुसरा ओतताना तिथं कुणीच काही बोलत नाही.