केतकीची साळुंकी

एका राज्यात मूल जन्मले की त्याच्या उशाशी वेताच्या पिंजऱ्यात साळुंकीचे पिल्लू आणून ठेवीत. मूल आणि साळुंकी बरोबरीने वाढत. मूल रडे तशी ती रडे, बोबडे बोले तशी ती बोले, आणि पुढे जन्मभर ती त्याच माणसाच्या आवाजात बोलत राही. माणूस गेले की येणाऱ्या पौर्णिमेच्या सकाळी घरच्याने तो पिंजरा टेकडीवरच्या चौथऱ्यावर न्यायचा, आपल्या हाताने दार उघडायचे, साळुंकी उडाली की रिकामा पिंजरा तिथेच ठेवायचा आणि मागे न पाहता उतरायचे. पुढे ज्या घरी पाळणा हले, ते लोक त्यांतलाच एक पिंजरा घेऊन जात.

हा देवाचा नेम होता. टेकडीच्या पायथ्याशी शिळेवर तो कोरलेला होता. राज्यावर बसणाऱ्या प्रत्येकाने त्या शिळेपुढे जमिनीवर बसून, मुकुट उतरवून, तो स्वतःच्या तोंडाने वाचायचा असे. शेवटची ओळ अशी होती: जो गेलेल्याचा आवाज अडवील, त्याच्या राज्यात नवा आवाज उतरणार नाही, तो राजा असला तरी.

राजा सुषेणाने ती ओळ वाचली होती, आणि एकदा पाळलीही होती. कन्या केतकीच्या जन्मावेळीच राणी गेली, तेव्हा तिची साळुंकी त्याने आपल्या हाताने सोडली. महिना लोटला नाही तोच राणीचा आवाज त्याला आठवेनासा झाला. चेहरा आठवे, हातातल्या बांगड्या आठवत, पण ती हाक कशी मारी ते काही केल्या आठवेना. हे त्याने कुणाला सांगितले नाही.

केतकी आठ वर्षांची झाली. संध्याकाळी ती बापाबरोबर सोंगट्या खेळे, लबाडी करी, आणि तो फासे हातात धरून बसला की म्हणे, "किती विचार करता, बाबा." तो हरे आणि म्हणे, "हरलो बाई, हरलो." मग एका हिवाळ्यात तिला ताप आला आणि ती गेली.

पौर्णिमा आली. राजा टेकडीवर गेला नाही. त्याने सोनाराकडून सोन्याचा पिंजरा घडवून घेतला, साळुंकी त्यात ठेवली, आणि केतकीने लाल दोरा बांधलेला जुना वेताचा पिंजरा कोठारात टाकला. संध्याकाळी तो सोंगट्यांचा पट मांडी. साळुंकी म्हणे, "किती विचार करता, बाबा." राजा फासे टाकी.

शिळेचा सेवक अर्यमा नावाचा वृद्ध होता. तो राजवाड्यात आला आणि उभाच राहिला.

"महाराज, पौर्णिमा होऊन गेली."

"ठाऊक आहे."

"पिंजरा आला नाही."

"हे एकच लेकरू होते, अर्यमा. माझे दुःख आणि गावातल्या कुणाचेही दुःख तुम्ही एकाच मापाने मोजणार?"

"मी मोजत नाही," अर्यमा म्हणाला. "शिळाही मोजत नाही. ती फक्त दार उघडा म्हणते."

राजाने तोंड फिरवले. अर्यमा परत गेला.

त्यानंतर राज्यात जे मूल जन्मले ते रडले नाही. तोंड उघडे, चेहरा लाल होई, मुठी वळत, आणि आवाज येत नसे. उशाशी ठेवलेल्या पिल्लांनाही आवाज नव्हता, कारण शिकायला काही नव्हते.

एके दिवशी सगुणा नावाची विणकरीण तान्हा मुलगा घेऊन दरबारात आली. तिने मुजरा केला नाही. दोन्ही हातांत मूल होते.

"महाराज, हा भुकेला झाला तर मला कळत नाही. दिवसा तोंडाकडे बघते. मागावर धोटा चालवायचा की तोंडाकडे बघायचं? आणि रात्री कुणी बघायचं?"

"उपाय करतो," राजा म्हणाला.

"उपाय शिळेवर आहे म्हणतात."

राजाच्या खांद्यावर त्याची स्वतःची साळुंकी बसे. ती राजाच्याच आवाजात म्हणाली, "म्हणतात ते खरे आहे." राजाने तिच्या चोचीवर बोट ठेवले.

अर्यमाकडे जाण्याऐवजी राजा घोड्यावर बसून काळ्या गढीतल्या कालंधर मांत्रिकाकडे गेला. कालंधर दारातच बसला होता.

"तुम्ही याल हे ठाऊक होते," तो म्हणाला. "नेम मोडल्यावर जे येते त्यावर माझ्याकडे उपाय असतात. नेम पाळणारे इकडे फिरकत नाहीत."

"साळुंकी जाणार नाही, आणि मुलांना आवाज मिळेल, असा उपाय सांगा."

"तीन आहेत. पहिला चालला नाही तर दुसऱ्यासाठी या."

पहिला उपाय सरोवराच्या तळाशी होता. तिथे शापित खजिन्यावर एक नाग वेटोळे घालून बसला होता, आणि खजिन्यात मुक्याला आवाज देईल अशी चांदीची घंटा होती. राजाने श्वास रोखून बुडी मारली. नागाने फणा बाजूला केला.

"खुशाल न्या," नाग म्हणाला. "आजवर ज्यांनी नेली ते स्वतःच परत ठेवून गेले."

राजाने घंटा बुरुजावर टांगली. दोर ओढला तेव्हा लोकांच्या छातीत काही तरी हलले, भांडी फडताळावरून पडली, पण नाद झाला नाही. राजाने घंटा परत नेऊन ठेवली.

दुसरा उपाय प्रतिध्वनींच्या दरीत होता. तिथे कुणीही मारलेली हाक कधी विरत नसे. ती कड्यांना चिकटून राही. राजा घोडा सोडून पायी उतरला, दरीत उभा राहून ओरडला, "मी राजा सुषेण, मला आवाज द्या," आणि कड्यांवरून जे परत आले ते शंखात भरून मेणाने बंद केले. तो शंख घेऊन तो सगुणाच्या झोपडीत गेला. माग थांबला होता. त्याने पाळण्यावर शंख उघडला.

तान्ह्याने तोंड उघडले आणि जाड, घोगऱ्या आवाजात म्हटले, "मी राजा सुषेण, मला आवाज द्या."

सगुणाने पदराने मुलाचे तोंड झाकले. ते एकदाच बोलले आणि पुन्हा मुके झाले.

"हा माझ्या लेकराचा नाही," ती म्हणाली. "तुमचा तुम्ही न्या."

राजा बाहेर आला. साळुंकी खांद्यावरून म्हणाली, "तिथेही आपलेच नाव सांगितले."

"तू गप्प बस."

"मी तुमच्याच आवाजात बोलते. तुम्ही गप्प बसा, मी बसेन."

तिसऱ्या उपायासाठी राजा पुन्हा गेला, तेव्हा कालंधर दारातून उठला. तो म्हणाला, "आकाशाला एक आवाज हवा आहे. मुलीचा द्यायचा नसेल तर दुसरा द्या. जिवंत माणसाची साळुंकी सोडली तर ते माणूस मुके होते. कुणाची सोडणार ते तुम्ही बघा."

राजाने कुणाची मागितली नाही. एवढे त्याच्यात राजेपण उरले होते. तो दूरच्या डोंगराच्या शेंड्यावर चढला आणि आपली साळुंकी तळहातावर घेतली. यापुढे आपण आज्ञा देऊ शकणार नाही, न्याय करू शकणार नाही, लेकीचे नावही घेऊ शकणार नाही, हे त्याला ठाऊक होते. याहून मोठे दान कुठल्या राजाने दिले असेल, असेही त्याच्या मनात आले. त्याने हात उंच केला.

साळुंकी उडाली. ढगापर्यंत गेली, एक फेरी मारली आणि परत येऊन त्याच्या खांद्यावर बसली.

"मला कुणी मागितले नव्हते," ती म्हणाली.

राजा तिथल्या दगडावर बसला. घंटा कुणी मागितली नव्हती. दरी मागितली नव्हती. त्याचा आवाज मागितला नव्हता. मागितले होते ते एका पिंजऱ्याचे दार, आणि तेवढे सोडून त्याने सगळे देऊ केले होते.

तो पायीच घरी आला. वाटेत कळले की सगुणाच्या मुलाला रात्री ताप चढला. ती कित्येक रात्रींची जागलेली होती, तिचा डोळा लागला. मुलाने तोंड उघडले असेल, मुठी वळल्या असतील. सकाळी ती उठली तेव्हा मूल थंड पडले होते.

राजाने कोठारातून वेताचा पिंजरा काढला. लाल दोरा तसाच होता. साळुंकी सोन्याच्या पिंजऱ्यातून त्यात आली. त्या संध्याकाळी त्याने पट मांडला नाही.

पौर्णिमेच्या सकाळी टेकडीवर रांग होती. राजाला पाहून लोक बाजूला सरकू लागले. तो म्हणाला, "आपापल्या जागी उभे राहा," आणि सर्वांच्या मागे जाऊन उभा राहिला. डोक्यावर काही नव्हते, पायांत काही नव्हते. त्याच्या पुढे सगुणा होती.

तिच्या पिंजऱ्यातली साळुंकी लहान होती. ती चोच उघडी आणि मिटी.

"ही काही बोलत नाही?" राजाने हळूच विचारले.

सगुणाने मागे पाहिले. "काय बोलणार? त्यानं काही शिकवलंच नाही तिला." मग तिचे लक्ष त्याच्या पिंजऱ्याकडे गेले. "तुमची बोलते?"

"बोलते."

"सगळं?"

"सगळे."

ती पुढे वळली. तिने आणखी काही म्हटले असते तर राजाला बरे वाटले असते. तिच्या पिंजऱ्यात एक हुंकारसुद्धा नव्हता, आणि तरी ती नेमाप्रमाणे रांगेत उभी होती. तिची पाळी आली. तिने दार उघडले, मुकी साळुंकी उडून गेली. तिने पिंजरा खाली ठेवला आणि मागे न पाहता पायऱ्या उतरली.

राजा चौथऱ्यावर चढला. अर्यमा तिथे उभा होता.

राजाने दाराच्या कडीवर हात ठेवला, आणि तो तसाच राहिला. उद्या आवाज आठवणार नाही. परवा तर नाहीच. सूर्य बराच वर आला.

"किती विचार करता, बाबा," साळुंकी म्हणाली.

राजाने कडी काढली.

साळुंकी दारात आली, पंख झाडले आणि सरळ वर गेली. राजाला मान वर करून पाहावेसे वाटले. त्याने पिंजरा इतरांच्या पिंजऱ्यांशेजारी ठेवला आणि पायऱ्यांकडे तोंड केले. तो अर्ध्यावर आला असेल, तेव्हा खाली गावातून एक मूल रडू लागले. मग दुसरे. मग घराघरांतून एवढा कल्लोळ उठला की रांगेतून परतलेले लोक वाटेत थांबले. बायका दारांशी उभ्या राहून पोरांना गप्प करायचे विसरल्या. सगुणाच्या घराचे दार बंद होते. राजा त्या दारापुढे क्षणभर उभा राहिला, मग मान खाली घालून पुढे गेला.

त्या दिवशी त्याने शिळेपुढे जमिनीवर बसून नेम पुन्हा वाचला, शेवटची ओळसुद्धा. सोन्याचा पिंजरा वितळवून त्याचे काय करायचे ते त्याने अर्यमाला विचारले. अर्यमा म्हणाला, "त्याबद्दल शिळेवर काही नाही. तुम्हाला ठीक वाटेल ते करा." राजाने तो वितळवला आणि त्या सोन्याच्या पैशातून विणकरांच्या आळीत विहीर बांधली. विहिरीवर नाव घातले नाही.

वर्ष उलटले. केतकीचा आवाज राजाला आठवेनासा झाला होता, आणि हेही त्याने कुणाला सांगितले नाही. एका संध्याकाळी तो पायी दोर वळणाऱ्यांच्या आळीतून जात होता. एका घराच्या वळचणीला वेताचा पिंजरा टांगला होता. त्याला लाल दोरा होता. आत पिसे न फुटलेले पिल्लू होते.

राजाच्या खांद्यावरची साळुंकी एकदम म्हणाली, "हरलो बाई, हरलो."

राजा थांबला. पूर्वी याच्या पाठोपाठ एक हसणे येई. आता तेवढी जागा रिकामी राहिली.

मग घरातले मूल भुकेने रडू लागले, खणखणीत, आणि वळचणीचे पिल्लू त्याच्यासारखे रडू लागले. आतून कुणी तरी म्हणाले, "आले रे, आले." दोघेही गप्प होईपर्यंत राजा तिथे उभा राहिला आणि मग आपल्या वाटेने गेला.

त्या राज्यात टेकडीवर आजही रांग लागते, आणि राजा असो की रंक, जो ज्या क्रमाने येईल त्या क्रमाने उभा राहतो.