अध्यक्षांचा पहिला नंबर

सोसायटीच्या गणेशोत्सवात यंदा विशाखाताई कुडाळकरांनी टीव्हीवर गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम ठेवला होता. सात वर्षांच्या शाल्मलीपासून सत्तरीच्या तात्यांपर्यंत सगळ्यांनी हौसेने नावं दिली होती. शाल्मली आणि तात्यांची शर्यत सुरू होणार, तेवढ्यात अध्यक्ष प्रभंजनराव हॉलमध्ये आले. रोज कॉम्प्युटरवर बंदुकांच्या लढाया खेळणारा हा माणूस पडद्याकडे बघून फिस्सकन हसला.

"हा कसला गेम? असल्या पोरखेळाला उत्सवाच्या स्पर्धांत जागा नाही. यादीतून काढून टाका!"

शाल्मलीचा चेहरा उतरला. विशाखाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बोलायच्या आतच प्रभंजनरावांनी शाल्मलीच्या हातातला रिमोट हिसकावला. एवढ्याशा पोरीच्या हातातला, तोही भरल्या हॉलमध्ये! तात्यांना हरवून ते पहिले आले.

"पाहिलंत? गाडी एकदाही रस्त्याबाहेर गेली नाही. यात कौशल्य ते काय?"

"पुन्हा एकदा खेळा की," असं म्हणून विशाखाताईंनी त्या रिमोटचं एक सेटिंग बंद केलं.

या खेपेला पहिल्याच वळणावर अध्यक्षांची गाडी तळ्यात गेली. वर आली, ती पुन्हा तळ्यात. तात्या केव्हाच जिंकले.

"काय केलंत तुम्ही?" प्रभंजनराव गरजले.

"लहान मुलांची गाडी रस्ता सोडू नये, अशी गेममध्ये सोय असते. शाल्मलीच्या रिमोटला ती चालू होती, ती बंद केली," विशाखाताई म्हणाल्या. "मघाशी तुम्ही कच्चा लिंबू होतात, अध्यक्ष. तरी तुम्हाला खेळातून काढा, असं आमच्यापैकी कुणी म्हटलं नाही."